भावजींचं मत कुणाचं?

«ताई, माझे धाकटे दीर ३१ वर्षांचे आहेत. बौद्धिक अक्षमता, दाखल्यावर ६५ टक्के. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून मी आणि हे मिळून त्यांचं बघतो. गोठ्यातलं सगळं ते करतात, डेअरीत दूध घालून येतात, संध्याकाळी ह्यांची एसटी यायच्या वेळेला फाट्यावर जाऊन उभे राहतात. त्यांचं नाव मतदार यादीत आहे, सासूबाईंनीच घातलं होतं. पण मत एकदाही दिलेलं नाही. मागच्या निवडणुकीला गावातला एक कार्यकर्ता रिक्षा घेऊन दारात आला, म्हणाला, ‘त्यालाही बसवा, बटण आम्ही दाखवतो.’ ह्यांनी त्याला हाकलून दिलं आणि भावजींनाही घरीच ठेवलं. मी मत देऊन आले तर भावजी माझं बोट धरून शाई निघते का बघत होते. ‘वैनी, मला?’ एवढंच म्हणाले. ह्यांचं म्हणणं, त्याला काय कळतंय, लोक हसतील, आणि आपण सांगू तिथंच तो बटण दाबणार, मग ते त्याचं मत कसलं? आम्ही कलेक्टर कचेरीतून ह्यांच्या नावाने पालकत्वाचा दाखलाही काढलाय. त्याने भावजींचा हक्क गेला का? आणि गेला नसेल, तर त्यांना नेणं बरोबर आहे का?
— एक वहिनी, कराड तालुका»

वहिनी,

आधी कायद्याचं सांगते, कारण ते लवकर संपतं. भावजींचा हक्क गेलेला नाही.

संविधानाच्या ३२६व्या अनुच्छेदाने १८ वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाला मताचा हक्क दिलाय. तो ज्या कारणांनी जाऊ शकतो, त्यांत ‘मनोविकलता’ हा एक शब्द आहे, आणि त्या एका शब्दाने घरोघरी घोटाळा करून ठेवलाय. १९५०चा लोकप्रतिनिधित्व कायदा त्याच्या १६व्या कलमात त्यावर अट घालतो, की तो माणूस मनोविकल आहे असं सक्षम न्यायालयाने जाहीर केलेलं असलं पाहिजे. सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला म्हणजे न्यायालय नाही. त्यावर ६५ टक्के असोत की ९०, मताशी त्याचा संबंध नाही. याद्या तपासायला येणाऱ्या बीएलओला तसं ठरवता येत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना तर नाहीच. उद्या कुणी भावजींचं नाव कमी करा म्हणून अर्ज केला, तरी मतदार नोंदणी अधिकाऱ्याला आधी त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

आता तुमचा पालकत्वाचा दाखला. तो १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीने दिलेला असणार. जिल्हाधिकारी त्या समितीवर असतात म्हणून लोकांना तो कोर्टाचा कागद वाटतो. तसा तो नाही. त्या समितीने भावजींना मनोविकल ठरवलेलं नाही. त्यांची आणि त्यांच्या मालमत्तेची काळजी कोण घेईल, एवढंच तिने ठरवलंय. तुमचे मिस्टर त्यांच्या वतीने बँकेच्या कागदावर सही करू शकतील, पण त्यांच्या वतीने मत देऊ शकणार नाहीत. मत भावजींचंच राहतं.

जपानमध्ये एका बाईंचं मत याच पालकत्वापायी गेलं होतं. डाउन सिंड्रोम असलेल्या ह्या बाई आईवडिलांबरोबर जाऊन नेमाने मत देत असत. वडील त्यांचे कायदेशीर पालक झाले, आणि तिथल्या कायद्याप्रमाणे त्यांचं मत आपोआप गेलं. त्या सरकारविरुद्ध कोर्टात गेल्या. मार्च २०१३ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली, दोनच महिन्यांत संसदेने कायदा बदलला, आणि सव्वा लाखाहून जास्त माणसांना मत परत मिळालं. स्पेनमध्येही २०१८ साली कायदा बदलून लाखभर माणसांना हक्क परत दिला गेला. त्यांना कोर्टात जाऊन, संसदेपुढे मांडून जे मिळवावं लागलं, ते भावजींकडे आधीपासून आहे. ते सासूबाईंनी यादीत घालून ठेवलंय. तुमच्या सासूबाईंना मी मनोमन नमस्कार केला.

आता ‘त्याला काय कळतंय’. वहिनी, मी २२ वर्षं बौद्धिक अक्षम प्रौढांच्या कार्यशाळेत शिकवते आहे, आणि ह्या वाक्याशी माझं भांडण तेवढंच जुनं आहे. मतदान केंद्रावर कुणालाच कधी ‘तुम्हाला काय कळतं’ असं विचारत नाहीत. पदवीधराला नाही, सावकाराला नाही. कुणी जातीवर मत देतो, कुणी जेवणावळीवर, कुणी सासऱ्यांच्या शब्दावर, आणि कुणी खरंच विचार करून. यंत्र सगळ्यांची मतं सारखीच मोजतं. मग परीक्षा एकट्या भावजींचीच का घ्यायची?

हे वाक्य ह्या देशात पहिल्यांदा म्हटलं गेलं तेव्हा ते आपल्या आज्यापणज्यांबद्दल म्हटलं गेलं होतं. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत शंभरातल्या ऐंशीहून जास्त मतदारांना लिहितावाचता येत नव्हतं. ह्यांना काय कळणार, असं म्हणणारे शहाणे तेव्हाही पुष्कळ होते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आयोगाने लोकांना आधी साक्षर होऊन या असं सांगितलं नाही. त्यांनी मतदानच सोपं केलं. प्रत्येक उमेदवाराला चित्राची निशाणी दिली आणि त्या निशाणीची वेगळी पेटी ठेवली. आज आपण यंत्रावर जी निशाणी बघतो, ती न वाचता येणाऱ्या माणसासाठी केलेली सोय आहे, आणि पदवीधरही तीच बघून बटण दाबतात. त्याच निवडणुकीत २८ लाखांच्या आसपास बायकांची नावं यादीतून गाळली गेली, कारण त्यांनी आपलं नाव न सांगता ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच सांगितलं होतं. हे वाचलं की मला माझ्या कार्यशाळेतली माणसं आठवतात. यादीत त्यांचं नाव असतं, पण गावात ते कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी मुलगा, एवढेच असतात.

तरीही तुमच्या मिस्टरांचा एक मुद्दा मी बाजूला सारणार नाही. ‘आपण सांगू तिथंच तो बटण दाबणार.’ हे खरं होऊ शकतं, आणि माझ्यासमोर ते झालेलं आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही कार्यशाळेत सहलीसाठी मतदान घेतलं. महाबळेश्वर, पन्हाळा, गणपतीपुळे, असे तीन फोटो भिंतीवर लावले. जवळजवळ सगळ्यांनी गणपतीपुळ्यावर बोट ठेवलं. आम्ही शिक्षक खूश. मग एका सहकाऱ्याच्या मनात शंका आली. दुसऱ्या दिवशी तिने फोटोंचा क्रम उलटा केला आणि तेच मतदान पुन्हा घेतलं. आता महाबळेश्वर जिंकलं. आम्ही नावं म्हणत गेलो तसं शेवटी जे ऐकू आलं, तेच अनेकांनी निवडलं होतं. मला त्या दिवशी फार लाज वाटली. वर्षानुवर्षं मी त्यांना ‘हे आवडलं ना?’ विचारत होते, ते ‘हो’ म्हणत होते, आणि ते त्यांचं मत समजून मी चालत होते.

ही त्यांची खोड आहे असं समजू नका. जन्मभर ज्याचं ‘नाही’ कुणी ऐकलंच नाही, तो माणूस समोरच्याचा चेहरा बघून उत्तर द्यायला शिकतो. ‘हो’ म्हटलं की सुटका होते. म्हणून तयारी निवडणुकीच्या आदल्या रात्री करून भागत नाही. ती आजपासून घरात करावी लागते, आणि तिची सुरुवात मताशी अजिबात संबंध नसलेल्या गोष्टींपासून होते.

उद्या सकाळी दोन शर्ट समोर धरा आणि गप्प बसा. ‘हा घालता ना?’ म्हणू नका. भावजी तुमच्याकडे बघतील. तुम्ही शर्टांकडे बघा. उत्तर यायला वेळ लागेल. माझ्या एका विद्यार्थ्याला ‘नको’ म्हणायला सात महिने लागले, आणि तो म्हणाला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. त्यांनी निवडलेला शर्ट विटका असला तरी तोच घालू द्या. निवडल्याप्रमाणे खरंच घडतं, हे एकदा दिसलं की निवडण्यात जीव येतो. भाजी, रविवारी कुठे जायचं, गणपतीला कोणत्या रंगाचं मखर, असं वाढवत न्या. एकच गोष्ट दोन वेगवेगळ्या दिवशी, क्रम बदलून विचारा. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं, तर ते त्यांचं आहे असं धरून चालायला हरकत नाही.

मग गावाचं. तुम्ही लिहिलंय, ते रोज डेअरीत जातात. वहिनी, कराड तालुक्यात रोज सकाळी डेअरीच्या ओट्यावर उभ्या असलेल्या माणसाला राजकारण माहीत नाही, यावर माझा विश्वास बसणार नाही. त्यांच्या कानांवर बरंच काही पडत असणार. ते सांगायला त्यांना कुणी विचारत नाही एवढंच. विचारताना त्यांच्या रोजच्या वाटेवरचं विचारा. फाट्यावरचा दिवा लागतो का? दूध घेऊन जाता तो रस्ता कसा आहे? नळाला पाणी कधी येतं? आणि हे काम कुणाचं, तेही सांगा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तो पैसा भावजींसारख्यांचा आहे, आणि तो कुठे जातो हे विचारायची जागा ग्रामसभा आहे. तिथेही त्यांना घेऊन जा. मतदार म्हणून तिथे बसायचा त्यांना हक्क आहे, आणि दोन-चार सभांना गावाने त्यांना बसलेलं पाहिलं, की पुढे मतदानाच्या रांगेत पाहून कुणाच्या भुवया वर जायच्या नाहीत.

उमेदवार ठरले की वर्तमानपत्रातून, पत्रकांवरून सगळ्यांचे फोटो कापा. सगळे म्हणजे सगळे, तुम्हाला न आवडणारेही. प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं सांगा, तीही शक्यतो त्यांनी स्वतः पाहिलेलं काही असेल तर तेच. आवाज सारखा ठेवा. हे तुम्हाला सगळ्यांत जड जाईल, मलाही जातं. तुमचं मत कुणाला, हे त्यांना निदान त्या दिवसांत कळू देऊ नका.

यंत्राचा सराव पुठ्ठ्यावर करता येतो. नाव, फोटो, निशाणी आणि उजवीकडे निळं बटण, अशा ओळी आखा. सगळ्यांत खाली ‘नोटा’. बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि लांब आवाज येतो. तो आवाज आधी तोंडाने काढून दाखवा, कारण अचानक आलेल्या आवाजाने काही जण दचकून बाहेर येतात. लोकसभा-विधानसभेला शेजारच्या काचेत छापील चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती बघायची असते, हात लावायचा नसतो. ग्रामपंचायतीला मात्र सरपंचाचं एक आणि प्रभागातल्या जागांची आणखी, अशी एकाहून जास्त बटणं दाबावी लागतात. तिथे भले भले गोंधळतात. तो सराव वेगळा करा.

एक शब्द त्यांना आत्तापासून शिकवा: गुपित. कायद्याप्रमाणे कुणाला मत दिलं हे सांगायला कुणावरही जबरदस्ती करता येत नाही. त्यामुळे घरी आल्यावर ‘कुणाला दिलंत?’ हा प्रश्न घरातल्या कुणीही विचारायचा नाही. पारावर कुणी विचारलं तर ‘गुपित’ म्हणायचं आणि हसायचं. आमच्याकडे हा शब्द सगळ्यांना इतका आवडतो, की तो शिकवायला मला कधीच वेळ लागला नाही.

केंद्रावर काय होईल ते आता सांगते. इथे एक बारीक अडचण आहे, आणि ती तुम्हाला आधीच माहीत असलेली बरी. सोबत्याला मतदान कक्षापर्यंत नेण्याची मुभा देणारा १९६१च्या निवडणूक नियमांमधला ४९-एन हा नियम आहे. पण त्याचे शब्द ‘अंधत्व किंवा अन्य शारीरिक दुर्बलता’ असे आहेत. बौद्धिक अक्षमतेचं नाव त्यात नाही. त्यामुळे केंद्राध्यक्ष तुम्हाला आत सोडतीलच असं धरून जाऊ नका. एकदा मी एका विद्यार्थिनीला घेऊन गेले होते. तिथल्या अधिकाऱ्याने आधी मला अडवलं, मग तिचा चेहरा बघून तिलाच परत न्यायला सांगितलं. मी कलम १६ तोंडपाठ म्हटलं, तेव्हा कुठे तिला आत जाऊ दिलं. पण तोवर ती रडून मोकळी झाली होती, आणि त्यानंतर ती मतदानाला कधीच आली नाही. म्हणून सांगते, आदल्या दिवशी किंवा सकाळीच केंद्राध्यक्षांना भेटा, ओळख करून द्या आणि शांतपणे सांगा, की हे स्वतः मत देणार आहेत. पद्धत समजावून देणं हे त्यांचंही काम आहे आणि त्यासाठी त्यांच्याकडे यंत्राचं पुठ्ठ्याचं नमुनाचित्र असतं. ते भावजींना दाखवायला सांगा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ११वं कलम मतदानाचं सगळं साहित्य दिव्यांगांना सहज समजेल असं असावं, ही जबाबदारी निवडणूक आयोगावर टाकतं. ते कलम एका कागदावर लिहून जवळ ठेवा. पण मनात धरायचं ते हेच, की भावजी आत एकटे जातील.

नाव नोंदवलं त्याला तेरा वर्षं झाली असतील, म्हणजे ओळखपत्रावर तेव्हाचा फोटो असेल. तो आणि दिव्यांग असल्याची नोंद फॉर्म ८ भरून आत्ताच दुरुस्त करून घ्या, बीएलओकडे किंवा आयोगाच्या ॲपवरून. काही अडलं तर १९५० वर फोन करा. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्डही ओळख म्हणून चालतं. ४० टक्क्यांवर अक्षमता असेल तर लोकसभा-विधानसभेला फॉर्म १२-डी भरून घरीच मत देता येतं, हेही तुम्हाला कुणी तरी सुचवेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ती सोय मोलाची आहे. भावजींसाठी मी ती नको म्हणेन. घरी सगळं घर भोवती उभं राहणार. आणि त्यांना तर तुमच्यासारखं जाऊन यायचंय, हे त्यांनी तुमचं बोट धरून सांगितलेलं आहे.

रिक्षावाल्या कार्यकर्त्याला तुमच्या मिस्टरांनी हाकललं ते उत्तम केलं. उमेदवाराने किंवा त्याच्या माणसांनी मतदारांची वाहनाने ने-आण करणं हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे. आणि ज्यांना सोबती नेता येतो, त्यांच्यासाठीसुद्धा एका माणसाला दिवसभरात एकाच मतदाराचा सोबती होता येतं, तेही मत गुप्त ठेवीन असं लिहून देऊन. ‘बटण आम्ही दाखवतो’ याला कुठेच जागा नाही. पण मिस्टरांना सांगा, चोर घरात शिरू नये म्हणून आपण घरच्या माणसाला कोंडून ठेवलं. कार्यकर्त्याला भावजींचं मत हवं होतं आणि त्यांनी ते वाचवलं, हे खरं. पण वाचवून ठेवलेलं मत भावजींच्या हातात अजून पडलेलं नाही. हे बोलताना चिडून बोलू नका. आई गेल्यापासून भावाला कुणी हसू नये ह्याचीच काळजी त्यांनी वाहिली असेल, असं मला तुमचं पत्र वाचून वाटलं.

लोक हसतील का? पहिल्या वेळी एखादा हसेल. गर्दी आणि गोंगाट टाळायला दुपारी दोनच्या सुमाराला जा. दिव्यांगांना रांगेत थांबावं लागत नाही, तरी थोडा वेळ थांबायची भावजींची तयारी असेल तर थांबू द्या. आणि त्या दिवशी उठल्यावर त्यांनी ‘नको’ म्हटलं, तर नेऊ नका. त्यांचा ‘नको’ ऐकायला तुम्ही इतके दिवस शिकलेल्या असाल.

सोबत कुणी यायचं, हेही त्यांनाच विचारा. दोन्ही नावं घ्या, क्रम बदलून. ते दादाचं नाव घेतील असा माझा अंदाज आहे, रोज संध्याकाळी ते त्याच्यासाठी फाट्यावर उभे राहतात म्हणून. तसं झालं तर मनाला लावून घेऊ नका. पुरुषांची आणि बायकांची रांग वेगळी असते. तुम्ही तुमच्या रांगेतून मत द्या, आणि शाळेच्या फाटकापाशी दोघांची वाट बघत उभ्या राहा.